तो कोमल निषाद परत घाल

ताई,

मी २६ वर्षांचा आहे. नोकरी करतो, आणि गेली सहा वर्षं स्वतः गाणी लिहून, चाल लावून गिटारवर गातो. आतापर्यंत चौदा गाणी झाली. मागे एका छोट्याशा मैफलीत त्यातली तीन गायलो. नंतर एक जण मुद्दाम भेटायला आला, पाठ थोपटली आणि म्हणाला, "डोळे मिटून ऐकलं ना, तर अगदी तोच गातोय असं वाटतं." तो म्हणजे माझा सगळ्यात लाडका गायक. इंग्रजीत गातो. नाव तुम्हाला वेगळं कळवलं आहे, कृपया छापू नका. त्या माणसाने कौतुकच केलं होतं, पण मला रात्रभर झोप आली नाही. घरी येऊन माझी सगळी रेकॉर्डिंग ऐकली. त्याचं म्हणणं खरं होतं.

त्यानंतर आठ महिने मी कुणाचंही गाणं ऐकलेलं नाही. हेडफोन कपाटात टाकले. वाटलं, बाहेरचं थांबलं की आतलं वर येईल. आठ महिन्यांत एक ओळही सुचली नाही. एक जुनं गाणं तेवढं सुधारून पुन्हा रेकॉर्ड केलं. जुनं आणि नवं, दोन्ही सोबत पाठवतोय. मला सात-आठच कॉर्ड नीट येतात. लहानपणी दोन वर्षं पेटी शिकलो, ती सुटली. घरात आजीची भजनं आणि बाबांच्या नाट्यगीतांच्या कॅसेटी, याशिवाय काही नव्हतं. म्हणजे पाया म्हणावा असं काहीच नाही. माझी स्वतःची शैली आहे का? नसेल तर ती आणायची कुठून?

एक नकलाकार

प्रिय नकलाकारा,

आधी उठ आणि हेडफोन कपाटातून बाहेर काढ. बाकीचं उत्तर नंतर वाचलंस तरी चालेल.

तुझं गाणं मी पाच-सहा वेळा ऐकलं. आधी नुसतं ऐकलं, मग पेटी घेऊन बसले आणि ओळीओळीने वाजवून पाहिलं. त्यामुळे आता जे लिहितेय ते हवेतलं नाही. गाण्याचं पहिलं कडवं इथे छापते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय.

जिन्यामधला हा दिवा
कोणी मालवत नाही
उशिरा येणाऱ्यासाठी
पायरी जागत राही

कडवं चांगलं आहे. पायरी जागते हे मला आवडलं. आता तुझ्या त्या दुःखाकडे येऊ.

तू त्याच्यासारखा वाटतोस, हे खरं आहे. पण कशामुळे वाटतोस ते तू शोधलं नाहीस, थेट सगळ्या जगाचं गाणं बंद करून बसलास. दात दुखतो म्हणून जेवण सोडल्यासारखं झालं हे. आधी दात कुठला ते बघू.

दुसरी ओळ काढ. 'कोणी मालवत नाही.' तू 'मालवत'मधल्या 'ल'वर दोन मात्रा थांबतोस. तिथे 'मालाऽवत' असं ऐकू येतं, आणि पहिल्यांदा ऐकताना मला ते कुणाचं तरी आडनाव वाटलं. आपण बोलताना 'ल'वर कधी थांबतो का? 'मा' लांब आहे, 'लवत' पटकन निसटतं. मग तू तिथे का थांबलास? तर तुझा तो गायक त्याच्या ओळीत तिसऱ्या-चौथ्या जागेवर थांबतो म्हणून. त्याच्या भाषेत शब्दातल्या एका जागेवर आघात येतो आणि चाल त्या आघातावर टेकते. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब असतो. त्याच्या चालीचा साचा तू जसाच्या तसा उचललास आणि त्यात मराठी शब्द ओतलेस. शब्द बिचारे कुठेतरी दबले, कुठेतरी ताणले गेले. ऐकणाऱ्याला हे असं फोड करून सांगता येत नाही, त्याला एवढंच वाटतं की हे गाणं दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

त्याच ओळीत 'कोणी'चा 'ण' जवळजवळ 'न' झालाय. 'नाही' म्हणताना तू आवाज सोडून नुसता श्वास सोडतोस. पहिल्या ओळीत 'दिवा'चा 'व' ओठ गोल करून म्हटलायस, ते तर अगदीच त्याचं. हे सगळं आवाजाच्या आणि उच्चाराच्या पातळीवरचं अनुकरण आहे. सगळ्यात आधी कानावर येतं ते हेच, आणि सगळ्यात लवकर जातंही हेच. गिटार खाली ठेव. चार ओळी कुणाला तरी जिन्यात उभं राहून सांगतोयस अशा म्हण. बोलताना कुठे थांबतोस, कुठे घाई करतोस, ते फोनवर रेकॉर्ड कर आणि त्यावर चाल धर. दोन आठवडे एवढंच केलंस तरी मैफलीतल्या त्या माणसाला डोळे मिटून वेगळाच कुणीतरी ऐकू येईल.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तू विचारलंयस, माझं काही आहे का. ते तुझ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. नव्यात तू ते पुसून टाकलंस, आणि याचा मला खरा राग आला.

चौथी ओळ. 'पायरी जागत राही.' जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तू 'जा'वर वरच्या षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला जातोस आणि तिथून उतरताना कोमल निषादावर, म्हणजे अर्धा सूर उतरलेल्या 'नी'वर येतोस, मग धैवत, मग पंचम. तीन-चार सेकंदांचा मामला आहे. पण तेवढ्यात त्या जिन्यात खरोखर रात्र होते. तो सूर तुझ्या लाडक्या गायकाचा नाही. तू पाठवलेल्या नावावरून मी त्याची बरीच गाणी ऐकली, त्याच्याकडे ही उतरण्याची रीतच नाही. वर जाताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल, ही खमाज रागाची वाट आहे. भजनांत, ठुमऱ्यांत, नाट्यगीतांत ती इतकी मळलेली आहे की चालणाऱ्याला आपण वाटेवर आहोत हेही कळत नाही. बाबांच्या कॅसेटी म्हणालास ना? त्या तिथे वाजतायत. पेटीवरची दोन वर्षंही तिथेच आहेत, कारण गळा सरळ चार पट्ट्या उतरलाय.

मग नव्या रेकॉर्डिंगमध्ये तू काय केलंस? कोमल निषाद काढून शुद्ध घातलास. का, ते मी सांगते. तू 'सी' पट्टीत गातोस आणि त्या जागी 'जी' ही कॉर्ड धरतोस. 'जी' कॉर्डच्या पोटात शुद्ध निषाद आहे. खाली शुद्ध, वर गळ्यात कोमल, म्हणून ते खटकलं. तू समजलास गळा चुकला. गळा बरोबर होता, हात चुकला. तिथे 'जी'च्या जागी 'जी मायनर' धरून बघ. कोमल निषाद त्या कॉर्डच्या आतच आहे. 

म्हणजे बघ, तुझ्यावर दोन संस्कार होते. एक वयाच्या विसाव्या वर्षी स्वतः निवडलेला, दुसरा न विचारता लहानपणी कानात गेलेला. दोघांचं भांडण झालं तेव्हा तू निवडलेल्याच्या बाजूने निकाल दिलास आणि दुसऱ्याला चूक ठरवलंस. मग पत्रात लिहितोस, पाया म्हणावा असं काही नाही!

आणि ते 'राही'. तुझ्या वयाचं कुणी 'जागत राही' असं बोलतं का? तू मित्राला 'जागी राहते' म्हणशील. 'राही' हे भजनातलं क्रियापद आहे, आजीकडून आलेलं. आणखी एक गोष्ट कर, ओळींची अक्षरं मोज. आठ, आठ, आठ, आठ. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत यमक. ही सरळ अष्टाक्षरी आहे. लहान अभंगाचा चरणही आठच अक्षरांचा. तू मोजून लिहिलं नसणार याची मला खात्री आहे. मोजून लिहिणारा एखाद्या ओळीत तरी चुकतो.

आता ऐकणं बंद करण्याबद्दल.

आठ महिन्यांत काही सुचलं नाही याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. गाणं शून्यातून येत नाही. पण तुझं पत्र वाचताना मला सारखी कुमार गंधर्वांची आठवण येत होती, कारण त्यांच्याही आयुष्यात असा गप्प बसण्याचा काळ होता. कुमारजी लहान असताना ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं उचलून गायचे. हरकतीसकट, श्वासासकट. लोक अचंब्याने ऐकायचे. तुझ्या भाषेत सांगायचं तर तो मुलगा पक्का नकलाकार होता. पुढे देवधर मास्तरांकडे रीतसर शिक्षण झालं. मग क्षयाने गाठलं. १९४८ च्या सुमारास ते देवासला आले आणि पुढची पाच-सहा वर्षं गाणं बंद. डॉक्टरांची सक्त ताकीद होती. अंथरुणावर पडलेल्या माणसाला गाता येत नव्हतं, पण कान उघडे होते. आसपासच्या बाया-माणसांची माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली. ती त्यांनी मनात साठवली, तपासली, त्यांच्यात राग कुठे दडलाय ते शोधलं. त्यातून पुढे धुनउगम राग, म्हणजे लोकधुनींतून उगवलेले राग आले. पुन्हा गायला बसले तेव्हा एक फुफ्फुस निकामी झालेलं, दम पूर्वीसारखा राहिला नव्हता. छोटे, टोकदार, अचानक झेपावणारे स्वरसमूह ही त्यांची ओळख झाली. दोन सेकंदांत ओळखू येणारा गळा म्हणून आज ज्यांच्याकडे बोट दाखवतात ते कुमारजी हे असे घडले.

फरक लक्षात आला ना? त्यांचं तोंड बंद होतं आणि कान उघडे. तू नेमकं उलटं केलंस.

तुला अडचण आहे ती पुष्कळ ऐकल्याची नाही. तू फार थोडं ऐकलंस, आणि त्यातही गेली सहा वर्षं एकाच माणसाला. एकाचाच प्रभाव असला की नक्कल दिसते. दहांचा असला की ते दहा आपसात भांडायला लागतात, आणि त्यांची भांडणं मिटवताना तुला स्वतःचे निर्णय घ्यावे लागतात. कोमल निषाद ठेवायचा की 'जी' कॉर्ड ठेवायची, हा तसाच एक निर्णय होता. शैली म्हणजे असे शे-दोनशे निर्णय. ते घ्यायची वेळ तुझ्यावर यायला हवी, आणि त्यासाठी कानात गर्दी हवी.

तुझ्यासारखं स्वतः लिहून स्वतः गिटारवर गाणाऱ्या माणसाचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतला बॉब डिलन घे. विशी गाठायच्या आतच त्याला वुडी गथ्री या लोकगायकाने झपाटलं होतं. त्याच्यासारखं गायचं, त्याच्यासारखं बोलायचं, उभंही तसंच राहायचं. १९६१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि आजारी गथ्रीला रुग्णालयात जाऊन भेटला. १९६२ मध्ये डिलनची पहिली तबकडी आली. तेरा गाणी, त्यातली स्वतःची फक्त दोन. त्या दोनातलं एक गथ्रीलाच उद्देशून, आणि त्याची चालही गथ्रीच्याच एका गाण्यावरून घेतलेली! तुझी चौदा गाणी आहेत, तू त्याच्या पुष्कळ पुढे आहेस म्हणायचं. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये दुसरी तबकडी आली, तिच्यात जवळजवळ सगळं त्याचं स्वतःचं होतं. या मधल्या काळात त्याने ऐकणं थांबवलं नव्हतं. ब्लूज, इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी लोकगीतं, ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या नाटकांतली गाणी, जे मिळेल ते त्याने खाल्लं. लंडनला गेला तेव्हा तिथल्या मार्टिन कार्थी या लोकगायकाकडून जुन्या चाली उचलल्या. गथ्री कुठे गेला नाही, फक्त त्याच्या शेजारी गर्दी झाली.

गंमत पुढेच आहे. ज्या गथ्रीची डिलनने नक्कल केली, त्या गथ्रीचं १९४० मध्ये लिहिलेलं सगळ्यात प्रसिद्ध गाणं कुणाच्या चालीवर आहे? कार्टर फॅमिली नावाच्या मंडळींच्या. ती चाल त्यांनाही चर्चमधल्या एका जुन्या स्तोत्रावरून मिळालेली. या कार्टर घराण्याने १९२७ मध्ये पहिल्यांदा रेकॉर्डिंग केलं. त्यांच्यातला ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून गाणी गोळा करत हिंडायचा. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात ठेवायचा. घरी आल्यावर रिडलची बोटं बघून मेबेल कार्टर शिकली, आणि मेबेलच्या वादनावरून अमेरिकेतल्या गिटार वाजवणाऱ्यांच्या किती पिढ्या शिकल्या याची मोजदाद नाही. आता सांग, यातला मूळचा कोण?

म्हणून एक काम देते. तुझ्या त्या गायकाच्या मुलाखती काढ. तो कुणाला ऐकून मोठा झाला ती दोन-तीन नावं त्यात मिळतीलच, हे लोक गुरूंबद्दल बोलायला लाजत नाहीत. महिनाभर त्याला ऐकू नकोस, त्या नावांना ऐक. तुला दिसेल की ज्याला तू त्याची खास अदा समजत होतास ती त्याने कुठून तरी उचलून थोडी वाकवली आहे. ती मूळ जागा सापडली की तीच गोष्ट तूही उचल, आणि तुझ्या बाजूला वाकव.

आपल्याकडे तर हे उघडच चालत आलंय. तुकारामांनी स्वतःच सांगितलं आहे की नामदेव विठ्ठलाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करायला सांगितलं. शतकोटी अभंगांचा संकल्प होता, त्यातले उरलेले तुकारामांवर सोपवले. दोघांच्या मध्ये अडीचशे वर्षांहून जास्त काळ. स्वतः रचून स्वतः गाणारा एवढा मोठा माणूस म्हणतो की मी दुसऱ्याचं राहिलेलं काम करतोय. छंद तोच, देव तोच, शेवटी नाव घालायची रीतही तीच. तरी नामदेवांचा अभंग आणि तुकारामांचा अभंग यांत कुणाची गल्लत होत नाही. तुकारामांच्या बोलण्यातला खडखडीतपणा, स्वतःवरच डाफरणं, ते नामदेवांकडून आलेलं नाही. ते दुकान, दुष्काळ, घरातली माणसं, यांतून आलेलं आहे.

मीही एकदा पकडली गेले आहे. बावीस वर्षांची असताना एका कवितेला चाल लावली आणि मोठ्या ऐटीत आमच्या गुरुजींना ऐकवली. अंतरा संपला. ते काही बोलले नाहीत, पेटी स्वतःकडे ओढली आणि रेडिओवरच्या एका जुन्या गाण्याचा अंतरा वाजवला. पहिले सहा सूर तेच. मला घाम फुटला. मी शपथेवर सांगितलं असतं की ते गाणं मी कधी मुद्दाम ऐकलेलं नाही. आता ओरडतील, चाल फाडून टाक म्हणतील, असं वाटलं. ते म्हणाले, "सापडली ना? मग आता तिला घरापर्यंत पोचवून ये." म्हणजे ते मूळ गाणं पूर्ण बसव. पंधरा दिवस मी ते गाणं शिकले, अगदी वाद्यांच्या तुकड्यांसकट. नंतर माझ्या चालीकडे आले तेव्हा परकं काय आहे ते बोट ठेवून दाखवता येत होतं. दोनच सूर बदलावे लागले. बाकीचं माझंच होतं, आणि ते माझं आहे हे मला आधी माहीत नव्हतं.

हे प्रकरण सगळ्यांनाच असं स्वस्तात सुटत नाही. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या १९७० च्या एका गाण्यावर खटला झाला. चाल १९६३ मध्ये गाजलेल्या एका गाण्याशी जुळत होती. १९७६ मध्ये न्यायालय म्हणालं की त्याने जाणूनबुजून चोरी केली नसेल, पण नकळत तीच चाल उतरली आहे, आणि जबाबदारी मात्र त्याचीच. तेव्हा ढंग घेणं वेगळं आणि सूरच्या सूर उचलणं वेगळं, एवढी काळजी घे. नवं गाणं झालं की ज्याचा कान जुना आहे अशा दोघा-तिघांना ऐकव. ऐकणं बंद केल्याने हा धोका टळत नाही, उलट वाढतो. जे ऐकून विसरलास तेच नकळत येतं.

कॉर्डचं थोडक्यात. सात-आठ कॉर्ड पुरतात. लेनर्ड कोहेन या कॅनडाच्या कवी-गायकाने २०११ मध्ये स्पेनमध्ये पुरस्कार घेताना सांगितलं होतं की तरुणपणी एका स्पॅनिश मुलाने त्याला तीन दिवसांत सहा कॉर्डची एक साखळी शिकवली, चौथा धडा कधी झालाच नाही, आणि आपल्या सगळ्या गाण्यांच्या मुळाशी तेच सहा कॉर्ड आहेत. तुझ्याकडे एक-दोन जास्तच आहेत. पण ते सारखे त्याच क्रमाने धरू नकोस. सी, जी, ए मायनर, एफ हे चाक तुझ्या चौदापैकी किती गाण्यांत फिरतंय ते मोज. मला पाठवलेल्या एकातच ते अकरा वेळा फिरलंय.

आणि ज्या गोष्टी येत नाहीत त्यांचाही उपयोग होतो. जोनी मिचेल या गायिकेला नवव्या वर्षी पोलिओ झाला. डावा हात अशक्त राहिला, अवघड कॉर्ड धरताना त्रास व्हायचा. मग तिने गिटारच्या ताराच वेगवेगळ्या सुरांत लावायला सुरुवात केली, म्हणजे सोप्या बोटांत हवा तो आवाज निघेल. पुढे तिने असे डझनावारी मेळ वापरले, आणि तिच्या गाण्यांतली ती ओळखीची, अधांतरी ठेवणारी स्वरसंगती त्यातून आली. तिच्यावर जॅझचे संस्कारही दांडगे होते. पण तेच जॅझ दुसऱ्या धडधाकट हातांनी वाजवलं असतं तर ते तिचं झालं नसतं. तुझ्या आवाजाला वर एक मर्यादा आहे, वरच्या गंधाराच्या पुढे तू ओढून गातोस. तुझा तो गायक तिथे सहज जातो, म्हणून तू जातोस. जाऊ नकोस. गाणं दोन पट्ट्या खाली घे. खाली तुझा आवाज जाड आणि थोडा खरखरीत आहे, आणि तो कुणासारखाच नाही.

ताला-ठेक्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण तुझ्या चौदा गाण्यांतलं एकच मी ऐकलंय. एवढंच सांगते, आजीच्या भजनांचा ठेका तुला अजून हाताने धरता येतो का ते मांडीवर थाप देऊन बघ. येत असेल तर उजव्या हाताचं ते एकसुरी स्ट्रमिंग एका गाण्यापुरतं बाजूला ठेव आणि तो ठेका गिटारवर काढ. बिघडलं तर बिघडलं.

तुझ्या त्या गायकावर राग धरू नकोस. पुढच्या महिन्यात त्याचं एक गाणं निवड आणि ते हुबेहूब बसव. श्वास, उच्चार, खाकरणं, सगळं. नकळत चालली होती ती नक्कल आता समजून-उमजून कर. मग तेच गाणं गिटारशिवाय, तुझ्या खालच्या पट्टीत, बोलल्यासारखं गा. दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐक. दुसऱ्यात जे उरेल त्याची यादी कर, आणि ती यादी मला पाठवलीस तर मला आवडेल.

जिन्याच्या गाण्याचं जुनं रेकॉर्डिंगच पुढे ने. जी मायनर, आणि 'मालवत'चा 'ल' मोकळा सोड. दुसऱ्या कडव्यात 'खिडकी'ला यमक मिळेना म्हणून तू तिथे एक इंग्रजी ओळ टाकली आहेस. ती काढ. यमक नाही जुळलं तरी चालेल, पण अक्षरं आठच ठेव.

तुझी,
ताई